शाळा उघडायच्या आधी मुलांची अँटिबॉडी चाचणी: करावी की नाही?

तळजाईचा_फेरा (ऑगस्ट 2021)
17 तारखेला शाळा म्हणून घरात दप्तरं झटकून झाली, तेवढ्यात राज्याच्या कोविड टास्क फोर्सने नको म्हटलं आणि निर्णय बारगळला. मला एक सांगा, मुलांमध्ये कोरोनाचा संसर्ग किती पसरलाय हे न मोजता ही हो-नाही चाललीय कशावर? गेल्या वर्षी पुणे विद्यापीठ आणि आयसर या विज्ञान संस्थेने शहरातल्या पाच प्रभागांत 1,664 जणांचं रक्त तपासलं. 51.5 टक्क्यांत अँटिबॉडीज (संसर्गानंतर किंवा लसीनंतर रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं) निघाल्या, पण ते सगळे 18 च्या पुढचे. मुंबईने यंदा मुलांचे 2,176 नमुने तपासले, 51.18 टक्के निघाले. एनआयव्ही ही विषाणू संस्था इथे पाषाणला, अँटिबॉडी तपासायचं पहिलं देशी एलायझा किट तिथलं, आणि आम्ही मुंबईचे आकडे वाचत बसायचं! प्रभागवार तपासा, मग शाळांचं ठरवा.

खिडकी_उघडा
कशाला? आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) जून-जुलैच्या पाहणीत 6 ते 9 वयात 57.2 टक्के आणि 10 ते 17 मध्ये 61.6 टक्के निघालेत. तिचे प्रमुख भार्गव यांनी तर प्राथमिक शाळा आधी उघडा असं सुचवलं. आता आणखी किती सुया टोचायच्या? तेवढ्या पैशात वर्गांच्या गंजलेल्या खिडक्या दुरुस्त होतील.

तळजाईचा_फेरा
ती पाहणी 70 जिल्ह्यांची, पुणे त्यात नाही. आणि पुणे म्हणजे तरी एक का? गेल्या वर्षी कसबा-सोमवार पेठेत 36.1 आणि लोहियानगर-कासेवाडीत 65.4 निघाले. मध्ये चालत जाण्याएवढं अंतर!

खिडकी_उघडा
बरं, 65.4 कळलं. त्यामुळे कासेवाडीतल्या एका तरी पोराची शाळा एक दिवस आधी उघडली?

आईची_रजा_संपली
मला सर्वेक्षण वगैरे नको. शाळेने प्रत्येक मुलाचा रिपोर्ट मागवावा. अँटिबॉडी असेल तो येईल, नसेल तो ऑनलाइन. माझी मुलगी सात वर्षांची आहे, घरात सासूबाई 78 च्या. मला खात्री हवी.

नस_सापडेना
ताई, मी लॅबमध्ये रक्त घेतो. लहान मुलाची नस शोधताना आई बाहेर रडते, मूल आत. पण ते जाऊ द्या. आयजीजी, म्हणजे या चाचणीत शोधतात ती अँटिबॉडी, दिसायलाच साधारण दोन आठवडे लागतात. आज लागण झालेलं मूल निगेटिव्ह येईल आणि सहा महिन्यांपूर्वी होऊन गेलेलं पॉझिटिव्ह. त्यातलं आज विषाणू पसरवणारं कोणतं? तुमच्या नियमाने वर्गात बसणार ते की घरी राहणार ते? शिवाय पॉझिटिव्ह म्हणजे पुन्हा होणारच नाही असं नाही.
सर्वेक्षणाला मात्र माझा पाठिंबा, आणि ते आत्ताच. मुलांचं लसीकरण सुरू झालेलं नाही, म्हणून त्यांच्यात अँटिबॉडी दिसली की ती झालेल्या संसर्गाचीच. मोठ्यांमध्ये आता लसीची सरमिसळ झालीय. वेगळी सुई टोचायचीही गरज नाही. मुंबईने दुसऱ्या तपासण्यांसाठी आलेलं उरलेलं रक्तच वापरलं.

खिडकी_उघडा
म्हणजे कोणत्या ना कोणत्या कारणाने लॅबपर्यंत पोचलेली मुलं! धडधाकट पोरगं कशाला लॅबमध्ये येतंय? त्यावरून अख्ख्या शहराचा अंदाज बांधायचा?

नस_सापडेना
मुद्दा बरोबर. पण सोसायट्यांत दारोदार जाऊन विचाराल, तर किती आईबाप हात पुढे करू देतील, तेही बघा.

भाच्याचा_मामा
एरवी मी नुसता वाचतो. घरात सगळे पॉझिटिव्ह होते तेव्हा भाचा ठणठणीत, दिवसभर कॅरम. महिन्याभराने पाच दिवस ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ. आरटीपीसीआर निगेटिव्ह, म्हणून सगळे टायफॉइडच्या मागे. एका डॉक्टरीणबाईंनी अँटिबॉडी करायला लावली आणि उलगडा झाला, एमआयएस-सी, म्हणजे कोरोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मुलांना होणारा दाहाचा आजार. पोरगं आता बरं आहे. तेव्हा चाचणीच फुकट आहे असं कृपया लिहू नका.

खिडकी_उघडा
मामा, ती आजारी मुलाची चाचणी, डॉक्टरांनी सांगितलेली. तिला कोण नाही म्हणतंय? माझा आक्षेप शाळा त्यावर अडवण्याला आहे. दीड वर्ष झालं. आमच्या कामवाल्या मावशींचा मुलगा चौथीत गेलाय, आणि दुसरीचं पुस्तक अडखळत वाचतो. त्याच्या रक्तात काय आहे ते नंतर मोजा.

तळजाईचा_फेरा
"मग शाळांचं ठरवा" हे मागे घेतो. शाळा उघडा आणि मोजणीही करा, दोन्ही एकदम. पण मोजाच.

आईची_रजा_संपली
तुमचं जमलं. आता सासूबाईंना कोणत्या खोलीत ठेवू, तेवढं कुणी सांगेल का?