हॉटलाइन पुरेशी नाही
भारत आणि पाकिस्तानच्या सैन्यांमध्ये हॉटलाइन, म्हणजे थेट फोनची सोय आहे, म्हणून काश्मीरवरून चुकून युद्ध भडकणार नाही, असं काहींचं म्हणणं असतं; ते मला अर्धंच पटतं. कारण डीजीएमओंचं, म्हणजे दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाया पाहणाऱ्या महासंचालकांचं, बोलणं व्हायला वेळ लागतो आणि क्षेपणास्त्र थांबत नाही. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत, मियां चन्नूजवळ पडलं. तिकडच्या हवाई हद्दीत ते चारेक मिनिटंच होतं. त्यावर स्फोटकं नव्हती, पण उडत्या क्षेपणास्त्राच्या पोटात काय आहे हे रडारवर दिसत नाही. भारताचं जाहीर निवेदन आलं ११ मार्चला! ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. त्या दिवशी सीमेवर आधीच चकमकी चालू असत्या तर?

दुसरं म्हणजे भारत-पाकिस्तानमधला २००५ चा करार. क्षेपणास्त्र चाचणीच्या किमान तीन दिवस आधी एकमेकांना कळवायचं, पण फक्त जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक (उंच जाऊन कमानीसारखं खाली येणाऱ्या) क्षेपणास्त्रांबाबत. ब्राह्मोससारखी क्रूझ (विमानासारखी इंजिनावर उडत जाणारी) क्षेपणास्त्रं त्यात नाहीतच. आपल्या सैनिक टाकळीत घराघरांतली माणसं फौजेत आहेत, त्यांच्यासाठी तरी क्रूझ त्या करारात आणा आणि चुकून सुटलेल्याची खबर मिनिटांत द्यायचं बंधन घाला, ही मागणी आपल्या खासदारांकडे लावून धरायला हवी.