कृत्रिम स्नायू की कंपनशोषक? द्रवस्फटिक रबराचं खरं काम कोणतं?

कंपनमापक:
लिक्विड क्रिस्टल इलॅस्टोमरला, म्हणजे एलसीईला, कृत्रिम स्नायू म्हणणं आता पुरे. हे द्रवस्फटिक रबर म्हणजे काडीसारखे रेणू एका दिशेने रांगेत बसवलेलं रबर. भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी 1975 मध्ये अशा पदार्थाचं भाकीत केलं, रसायनशास्त्रज्ञ फिंकेलमान यांनी 1981 मध्ये तो बनवला, 1997 मध्ये द जेन यांनीच तो स्नायूसाठी सुचवला. तरी ओढकाम करणारी पट्टी अजून बहुतेक प्रयोगशाळेतच आहे. अडचण उष्णतेची. तापवलं की रेणूंची रांग मोडते आणि पट्टी सहज 30-40 टक्के आखडते. हे बघायला फार सुंदर असतं. पण परत लांब व्हायचं तर थंड व्हावं लागतं, आणि जाडी दुप्पट केली की आतली उष्णता बाहेर यायला चौपट वेळ. जोर हवा तर जाडी वाढवा, मग वेग गेला.

कंपन शोषण्यात मात्र हा पदार्थ अव्वल आहे. साध्या रबराचं डॅम्पिंग, म्हणजे कंपन जिरवण्याची क्षमता, काचसंक्रमणाच्या (ज्या तापमानाखाली रबर काचेसारखं ताठ होतं त्याच्या) आसपास वाढतं आणि पुढे कोसळतं. एलसीईत धक्क्यासरशी रेणूंची दिशाही वळते, त्या वळण्यातल्या घर्षणात ऊर्जा जिरते, आणि नेमॅटिक अवस्था, म्हणजे रेणूंची ती रांग, असेपर्यंत हे चालू राहतं. हेल्मेटचं अस्तर, यंत्राखालचे पॅड, तिथे संशोधन वळवा.

पातळपट्टी:
चौपटीचा हिशेब सगळीकडे लागत नाही. मिलिमीटरभर पट्टी हवेत थंड होते तेव्हा खरा अडथळा पृष्ठभागावर असतो. वेळ साधारण जाडीच्याच प्रमाणात वाढतो. पाण्यात तीच पट्टी कितीतरी लवकर निवते. शिवाय जाड पट्टी हवीच कशाला? आपला स्नायूही बारीक तंतूंचा जुडगाच आहे, तसे एलसीईचे धागे काढून विणा.

आणि वेगाचं म्हणाल तर 2008 मध्ये अझोबेंझीन (प्रकाश पडला की आकार बदलणारा रेणू) असलेली द्रवस्फटिक पट्टी लेसरखाली 30 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला 30 वेळा, हलवून दाखवली होती. वाकताना ती किरण ओलांडते, मग दुसरी बाजू उजळते आणि ती उलट वाकते. ना मोटर, ना तार.

कंपनमापक:
ती रेणूंची काचेसारखी ताठ जाळी होती, इलॅस्टोमर नव्हे. ती वाकली, तिने वजन ओढलं नाही. मुख्य म्हणजे ती स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेला हलत होती. असा अनुनाद, म्हणजे नैसर्गिक वारंवारतेला वाढत जाणारं कंपन, टिकतो तो डॅम्पिंग कमी असेल तरच. मऊ एलसीई नेमका तो अनुनादच मारून टाकतं. जो गुण धक्का जिरवतो तोच थरथर टिकू देत नाही. धाग्यांचा मुद्दा मान्य, पण जुडगा घट्ट बांधला की मधले धागे थंड कसे करणार?

उष्माविद्यार्थी:
दोघंही एकच बाजू धरून बसला आहात. नेमॅटिक अवस्था मोडेपर्यंत तापवलं की जादा डॅम्पिंग जातं, थंड केलं की परत येतं. मग हवं तेव्हा चालू-बंद करता येणारा कंपनशोषक का बनवू नये? ॲक्चुएटरसाठी, म्हणजे हालचाल करणाऱ्या पट्टीसाठी, लागणारी तापवण्याची व्यवस्था इथेही कामाला येईल.

कंपनमापक:
कल्पना चांगली आहे, पण तापताना पॅड आखडणार. वर ठेवलेलं यंत्र खाली-वर होईल त्याचं काय?

उष्माविद्यार्थी:
रेणूंच्या दिशा सगळीकडे विखुरलेल्या ठेवायच्या. तसा ठोकळा एकूण लांबीत जवळपास बदलत नाही, डॅम्पिंग मात्र मिळतं.

पातळपट्टी:
पण तो ठोकळा धक्के जिरवताना स्वतःच तापणार, आणि ऐन गरजेला बंद पडणार. त्याला थंड ठेवायची सोय आधी दाखवा.