मदत हवी आहे: कागदात फक्त 'एक चॉक्टॉ स्त्री' एवढीच नोंद, तिचं नाव कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची, गेली सोळा वर्षं टेक्सासात डॅलसजवळ राहते. मदत हवी आहे ती सासरच्या एका शोधासाठी. माझ्या सासूबाई आग्नेय ओक्लाहोमातल्या, मॅककर्टन काउंटीच्या. वय ८१. त्या चॉक्टॉ नेशनच्या, म्हणजे चॉक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीच्या, सदस्य आहेत, कार्ड आहे, म्हणजे 'सदस्यत्व कसं मिळवायचं' हा प्रश्न नाही. प्रश्न एका बाईच्या नावाचा आहे.

सासूबाईंकडे घरातल्या जुन्या बायबलची पुढची दोन पानं आहेत. त्यांवर नवऱ्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, नॉर्थ कॅरोलायनातलं गाव, सगळं नीट लिहिलेलं. खाली 'लग्न १८२९, मिसिसिपी'. आणि नवरीच्या जागी 'एक चॉक्टॉ स्त्री'. बस. पुढे मुलांची नावं आणि तारखा. त्याच पानावर घोडी विकत घेतल्याची नोंद आहे, घोडीच्या नावासकट. सासूबाई ते पान दाखवतात तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवतात आणि गप्प बसतात. मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवसापासून ती ओळ माझ्याही डोक्यातून गेलेली नाही.

आतापर्यंत काय जमलंय ते सांगते. घरातली माणसं हयात आहेत, म्हणून नावं इथे देत नाही.

सासूबाईंच्या आजीचं डॉझ कमिशनचं, म्हणजे जमातीच्या सदस्यांची नोंद करणाऱ्या सरकारी आयोगाचं, कार्ड मिळालं. १८९९ सालचं, वय १५, 'रक्त' (चॉक्टॉ वंशाचा वाटा) या रकान्यात १/८. तिची आईही त्याच कार्डावर आहे, वय ४१, रक्त १/४. आणि त्या आईच्या आईच्या रकान्यात बायबलमधल्या १८३३ साली जन्मलेल्या मुलीचं नाव, पुढे 'मृत', काउंटी टाउसन. बायबल आणि सरकारी कार्ड इतकं चपखल जुळलं तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून रडलो. म्हणजे अडलंय ते एकाच दुव्यावर, त्या १८३३च्या मुलीच्या आईवर. सासूबाईंच्या आजीच्या आजीची आई.

त्यानंतर १८३१ची आर्मस्ट्राँग यादी पाहिली. २७ सप्टेंबर १८३० रोजी डान्सिंग रॅबिट क्रीकला तह झाला आणि चॉक्टॉंनी मिसिसिपीतली उरलेली सगळी जमीन, सुमारे १ कोटी १० लाख एकर, अमेरिकन सरकारला दिली. दिली म्हणायचं, कारण तहात तसंच लिहिलंय. लोकांना हलवण्याआधी ही यादी केली गेली. त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव, लागवडीखालची जमीन, सोळा वर्षांवरचे पुरुष, दहा वर्षांखालची मुलं, वस्ती कुठल्या ओढ्याकाठी, हे सगळं आहे. बायकोचं नाव नाही. बायबलमधल्या नवऱ्याच्या आडनावाची दोन माणसं सापडली, दोन वेगळ्या जिल्ह्यांत. आपला कोणता, ते ठरवता येत नाही.

पश्चिमेकडे, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, ते नेमके कधी गेले, तेही कळत नाही. १८३१, ३२ आणि ३३ अशा तीन हंगामांत माणसं हलवली गेली. पहिल्या हिवाळ्यात आर्कान्सामध्ये हिमवादळात लोक अडकले, दुसऱ्या वर्षी वाटेत कॉलरा. १८३३ची मुलगी तिकडच्या डोक्सव्हिल गावाजवळ जन्मली, म्हणजे तोवर तिची आई तिथे पोचली होती. बायबलमध्ये १८३० सालीही एका मुलाचा जन्म आहे आणि त्याचं नाव पुढे कुठल्याच कागदात नाही. तो वाटेतच गेला असावा, असं सासूबाई धरून चालतात.

एका चुलत नातेवाइकाचं म्हणणं, ती 'राजकन्या' होती. मला हे पटत नाही. चॉक्टॉंत राजे नव्हते. १८३० साली तीन जिल्ह्यांचे तीन प्रमुख होते, ग्रीनवूड लफ्लोर, मशुलातबी आणि निटाकेची. अशा कहाण्या इकडे पुष्कळ घरांत असतात आणि त्यांच्या नादात खरी बाई आणखी मागे पडते. ती शेतात मका लावणारी, कुणाची तरी लेक, कुणाची तरी बहीण असेल, आणि मला तेवढंच हवं आहे.

एक गोष्ट मात्र मला फार लागली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. चॉक्टॉंत कूळ आईकडून चालायचं. त्याला ते 'इक्सा' म्हणतात. मुलं आईच्या इक्साची, आणि त्यांना वळण लावायचा अधिकार बापापेक्षा मामाचा. म्हणजे बायबल लिहिणाऱ्या माणसाने जिला नाव दिलं नाही, तिच्याच माहेरचं कूळ तिच्या लेकरांना मिळालं होतं. आणि ती बाई ते सासूबाई, मध्ये एकही पुरुष नाही: आई, मुलगी, तिची मुलगी, अशी सरळ ओळ. सासूबाईंनंतर माझा नवरा, म्हणजे ती ओळ तिथे थांबते. त्या हिशेबाने माझी लेक माझ्या आईच्या कुळातली. लेक अकरा वर्षांची आहे, हे सांगितल्यावर तिने विचारलं, "मग आजीचं कूळ कोण पुढे नेणार?" सासूबाईंना मुलगी नाही. तेव्हापासून हे काम आमच्या घरात लांबणीवर टाकायचं राहिलेलं नाही.

मी लहानपणी आजोबांबरोबर त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्यात. गाव आणि आडनाव सांगितलं की सात पिढ्यांची नावं निघायची, सगळी पुरुषांची. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

माझे प्रश्न असे:

कार्डाच्या पलीकडे डॉझ कमिशनचे आणखी कागद असतात का, आणि त्यांत आजीच्या आजीबद्दल काही निघू शकतं का? १८३१ ते १८९९ या मधल्या काळात बायकांची नावं येतील असे कोणते कागद आहेत? चॉक्टॉ नावांबद्दल कुणाला माहिती आहे का, म्हणजे नाव बाईचं आहे हे ओळखायचं कसं?

इथे अमेरिकेत वंशावळीचं काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून मराठीतच विचारते आहे. इंग्रजी मंचांवर विचारलं तर उत्तरं फक्त सदस्यत्वाबद्दल येतात.

प्रतिसाद, तल्साहून:

ताई, कार्ड म्हणजे फक्त सारांश. त्यामागे अर्जाची फाइल असते, तिला इकडे 'पॅकेट' म्हणतात. कमिशनसमोर झालेली प्रश्नोत्तरं त्यात असतात, आणि कधी कधी जबानी देणारा आजीपर्यंत मागे जातो. फोर्ट वर्थच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मागा, तुम्हाला जवळच आहे. फक्त सासूबाईंच्या आजीचंच नको, तिच्या मावशा, मामा, मावसभावंडं, सगळ्यांची पॅकेट मागवा. आपल्या माणसाच्या फाइलमध्ये जे नसतं ते भावंडाच्या फाइलमध्ये निघतं.

दुसरं, 'नेट प्रोसीड्स'चा खटला बघा. १८३०च्या तहात बुडालेल्या जमिनींसाठी चॉक्टॉ नेशनने अमेरिकन सरकारवर दावा लावला आणि १८८६ साली सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला, २८ लाख डॉलरांहून जास्त. दावेदारांना आपण १८३०च्या कोणत्या माणसाचे वारस, ते शपथेवर सांगावं लागलं. तुमच्या बाईचं नाव कागदावर असेल तर मी आधी इथे शोधेन.

तिसरं, १/४ रक्ताच्या त्या बाईचं लग्न १८८०च्या आसपास गोऱ्या माणसाशी झालं असेल तर परवाना शोधा. चॉक्टॉ नेशनच्या १८७५च्या कायद्याने गोऱ्या नवरदेवाला दहा चॉक्टॉ नागरिकांच्या सह्यांचं चांगल्या चालीचं प्रमाणपत्र लागायचं, आणि त्यांनी त्याला निदान वर्षभर ओळखलेलं असायला हवं. त्या सह्यांत मुलीच्या आईकडची माणसं सापडण्याची शक्यता बरीच.

जबान्या वाचताना एक सांभाळा. जुन्या चॉक्टॉ नात्यांत आईची बहीणही आईच. आपण 'माय मरो, मावशी जगो' म्हणतो, तिथे तर शब्दच तसे. म्हणून कुणी 'माझी आई' म्हणालं तर ती मावशी नाही ना, हे तारखांवरून पडताळून बघा.

आणि एक जड गोष्ट. तो नवरा जमीनदार असेल तर १८६०ची गुलामांची नोंदवही उघडावी लागेल. तीत इंडियन टेरिटरीची (आजच्या ओक्लाहोमाची) पानं आहेत. सासूबाईंना आधी सांगून ठेवा.

प्रतिसाद, ऑस्टिनहून:

नावांबद्दल थोडं. पुरुषांच्या नावांत शेवटी 'तबी' पुष्कळदा येतं, मारणारा या अर्थाचं, जसं मशुलातबी. बायकांच्या नावांत शेवटी 'होके' किंवा 'होका' बऱ्याचदा दिसतं. बाई या शब्दाला 'ओहोयो' म्हणतात. लिहिणारे कारकून कानाला पडेल तसं लिहीत, म्हणून एकाच बाईची तीन स्पेलिंग्ज धरूनच चाला. शिवाय चर्चची दप्तरं बघा: डोक्सव्हिलजवळ पाइन रिज इथे सायरस किंग्जबरी यांचं मिशन होतं, आणि व्हीलॉकचं मिशन १८३२चं, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्याच काउंटीत. मुलांच्या बाप्तिस्म्याला आईचं नाव लिहिलेलं असू शकतं.

१९३७ साली ओक्लाहोमात म्हाताऱ्या माणसांच्या हजारो मुलाखती घेतल्या गेल्या, 'इंडियन-पायोनियर पेपर्स' नावाने त्या ऑनलाइन आहेत. आडनावाने शोधून सोडू नका, डोक्सव्हिल, फोर्ट टाउसन, ओढ्यांची नावं, असं गावाने शोधा.

मूळ लेखिका:

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. फोर्ट वर्थला पुढच्याच आठवड्यात जाते. गुलामांच्या नोंदवहीबद्दल सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "असेल ते असेल, लपवायचं नाही, उघड." मग ते पानही बघणार.

'होके' वाचून मी बायबलची पानं पुन्हा काढली. पाच मुलींपैकी तिसरीला इंग्रजी नावापुढे आणखी एक नाव आहे. शाई फुटलेली आहे आणि आम्ही आजवर ते चुकून खोडलेलं अक्षर समजत होतो. भिंगाखाली धरलं तर सुरुवात लागत नाही, पण शेवट स्वच्छ 'होके' आहे. ते आईचंच नाव असेल असं मी म्हणत नाही, मावशीचं असेल, आजीचं असेल. पण ती भाषा बोलणाऱ्या कुणीतरी ते त्या मुलीला दिलं, आणि बापाला ते लिहावं लागलं.

सासूबाईंनी आज दिवसभर ते पान टेबलावरून उचलू दिलेलं नाही. सुरुवातीची दोन-तीन अक्षरं कुणाला लावता आली तर फार उपकार होतील. फोटो कुठे चढवू, तेवढं सांगा.