मदत हवी आहे: आल्टरनेटरवर १४.१ व्होल्ट, बॅटरीवर १२.८. दोष वायरमध्ये की डायोडमध्ये?

नमस्कार मंडळी,

थोरल्या भावाची २०१२ ची डिझेल पिकअप आहे. ब्रेकचा व्हॅक्युम पंप आल्टरनेटरच्याच (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) पाठीला असतो, त्या प्रकारातली. सध्या टोमॅटोचा हंगाम चालू आहे. ओतूरहून नारायणगावच्या बाजारात रोजची फेरी असते, शिवाय मधूनमधून माल घेऊन माळशेज उतरून कल्याण गाठावं लागतं. दिवसा गाडीची काही तक्रार नसते. रात्री हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम लागले की तासाभरात उजेड पिवळा पडतो आणि सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. घाटातल्या धुक्यात, भरल्या गाडीने, मंद हेडलाइटवर भाऊ गाडी चालवतो याची घरात सगळ्यांनाच धास्ती वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एका ठिकाणी बॅटरी बदलायला सांगितली. बदलली. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुसरे वायरमन म्हणतात डायनॅमो (त्यांच्या भाषेत आल्टरनेटरच) गेला, आख्खा नवीन टाका. ते इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायला निघाले तेव्हा मी हात धरला. जुन्या, खऱ्या डायनॅमोच्या गाड्यांना ते खपून जायचं. आल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी अशी सुटली तर व्होल्टेज एका क्षणात उसळतं आणि चांगला कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) किंवा डायोड (आल्टरनेटरच्या एसीचा डीसी करणारे) जागेवर जाऊ शकतात. कृपया कोणी ही तपासणी सुचवू नका.

मग स्वतः मल्टिमीटर घेऊन बसलो. बेल्ट ताठ आहे, घसरत नाही. बॅटरी भरलेली असताना गाडी रात्रभर बंद ठेवली तरी ती सकाळी १२.६ दाखवते, म्हणजे बंद गाडीत करंट गळत नाहीये. इंजिन थोडं रेसवर ठेवून, बाकी सगळं बंद असताना आल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर (जिथून चार्जिंगचा करंट बाहेर पडतो) १४.२ आणि बॅटरीवर १३.९. इथपर्यंत कोणालाही वाटेल की चार्जिंग ठीक आहे. हेडलाइट, ब्लोअर, वायपर चालू केले आणि बी प्लसवर १४.१, पण बॅटरीवर १२.८!

लाल प्रोब बी प्लसच्या बोल्टवर आणि काळा थेट बॅटरीच्या प्लस खुंटीवर ठेवला तर मीटर सरळ १.२ व्होल्ट दाखवतो. चांगल्या वायरीत एवढ्या लोडला ०.२, फार तर ०.३ यायला हवेत. अर्थची बाजूही अशीच मोजली: आल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.०८. म्हणजे अर्थिंग साफ आहे. गाडी तासभर चालून इंजिन तापलं की तो १.२ चा आकडा १.६ पर्यंत जातो.

माझ्या समजुतीप्रमाणे या आल्टरनेटरचा कटआउट आतच आहे आणि तो स्वतःच्या तोंडाशी व्होल्टेज बघतो. तिथे १४ मिळालं की त्याचं समाधान होतं. पुढे बॅटरीपर्यंत किती पोचलं हे त्याला कळायला मार्गच नाही. तसं असेल तर नवीन आल्टरनेटर टाकूनही बॅटरी उपाशीच राहणार. हे बरोबर आहे ना?

मित्राच्या क्लॅम्प मीटरवर त्या वायरीतून ३५ अँपिअरच्या आसपास करंट जाताना दिसला. १.२ गुणिले ३५ म्हणजे ४० वॅटच्या वर, एका लहान सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, वाटेत कुठेतरी सांडतेय. पण कुठे? बॅटरीपासून सेल्फला जाणारी जाड केबल निर्दोष असावी, कारण बॅटरी भरलेली असताना सेल्फ दणक्यात मारतो. तिथे एवढा रेझिस्टन्स असता तर सेल्फ हललाही नसता. राहता राहिला आल्टरनेटर ते फ्यूज बॉक्स हा तुकडा. त्यात बी प्लसचा थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी), एक कप्लर (वायर जोडणारा सॉकेट) आणि फ्युजिबल लिंक (जास्त करंट गेला की वितळणारा फ्यूजसारखा तुकडा) येते. थिंबलजवळ वायरचं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालंय, बोटाने दाबलं तर तडकतं. मला संशय तिथलाच आहे, पण लिंकही आतून अर्धी जळालेली असू शकते का? सगळं हार्नेस (वायरींचा जुडगा) न उसवता नेमकी जागा कशी पकडायची?

चार्जिंगचा दिवा हेही एक कोडं आहे. चावी फिरवली की नीट पेटतो, इंजिन चालू झालं की विझतो. मात्र लोड वाढला की मिणमिणतो, तोही अंधारातच दिसतो. या दिव्याची एक बाजू इग्निशनवर म्हणजे बॅटरीकडे, दुसरी आल्टरनेटरच्या डी प्लसला (दिव्यासाठीच्या छोट्या टर्मिनलला). दोन्हीकडच्या व्होल्टेजमध्ये सव्वा व्होल्टचा फरक पडला तर तो मिणमिणणारच, असं मी धरलंय. पण डायोड गेला तरी असंच दिसतं म्हणतात. मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर ०.०६ आले, म्हणजे डायोड ठीक वाटतात. फक्त मीटर स्वस्तातला आहे, आणि असे काही मीटर डीसीवर एसीची रेंज लावली की भलतंच दाखवतात. या आकड्यावर किती विसंबू?

डायोडची शंका अजून एका कारणाने सुटत नाही. व्हॅक्युम पंपाच्या सीलमधून ऑइल झिरपतंय, आल्टरनेटरचं मागचं झाकण ओलसर आहे. ऑइल आत गेलं तर कार्बन (ब्रश) आणि ते ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगची वाट लागते हे माहीत आहे. पण आल्टरनेटर उतरवायचा म्हणजे पंपाच्या ऑइलच्या नळ्या सोडवणं आलं आणि बसवल्यावर ब्रेकचा व्हॅक्युम पुन्हा तपासणं आलं. भर हंगामात ते उगाच नको आहे. सील ताबडतोब बदलू की वायरचं काम आधी उरकू?

माझा विचार असा: बी प्लसपासून बॅटरीपर्यंत १६ स्क्वेअर मिमीची नवी तांब्याची वायर, थिंबल हातपक्कडीने न दाबता क्रिम्पिंग टूलने दाबून, आणि बॅटरीच्या टोकाला ८० अँपिअरचा फ्यूज. आल्टरनेटरच्या पट्टीवर ६५ अँपिअर लिहिलंय. वायरमन म्हणतात फ्यूज कशाला, डायरेक्ट मारू. मला ते पटत नाही. ती वायर कुठे घासून बॉडीला लागली तर बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून धावेल आणि गाडी पेटेल. ८० योग्य आहे का? आणि जुनी वायर समांतर ठेवायची की दोन्ही टोकांनी सोडवून गुंडाळून टाकायची?

उद्या संध्याकाळी गाडी मोकळी मिळेल. आणखी कोणती मापं घेऊ ते त्याआधी सांगितलंत तर घेऊन इथेच टाकतो.