पाय धुणं आणि पुसणं
रुग्णालयात रुग्णाचे पाय धुण्याच्या सेवेबद्दल थोडं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानानुसार (13:5) प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतलेच, शिवाय कमरेच्या रुमालाने पुसलेही. वॉर्डात नेमकं हे पुसणंच राहून जातं. मधुमेही रुग्णासाठी पाणी कोमटच हवं आणि ते आपल्या कोपराने तपासायचं. पाय बधिर असले तर भाजलेलं त्याला कळत नाही. पाय भिजत ठेवायचे नाहीत. बोटांच्या बेचक्या एकेक करून टिपायच्या, घासायच्या नाहीत. ओल राहिली की कातडी पांढरी पडून चिरते, बुरशी धरते. क्रीम टाचेला आणि तळव्याला, बेचक्यांत मुळीच नाही. येशूला आधी नकार देणाऱ्या पेत्र या शिष्यासारखे 'माझे पाय नको' म्हणणारे रुग्णही भेटतात (बहुतेक संकोचानेच). तिथे आधी विचारावं, पडदा ओढावा, मगच पाण्यात हात घालावा.