मदत हवी आहे: गरवायला (गरीने मासे धरायला) जाताना घालायचा नंबरचा पोलराइज्ड गॉगल प्रोग्रेसिव्ह घ्यावा का?

खाजनकाठ

मंडळी, एका गॉगलपायी डोकं फिरायची वेळ आली आहे. जाणकारांनी वाट दाखवा.

वय ५२, मुक्काम म्हापसा. लांबचा नंबर शाळेपासूनचा: उजवा उणे २.२५, डावा उणे २.५०, दोन्हीकडे उणे ०.७५ सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर). चाळिशीचा नंबर आता अधिक २.०० वर पोचलाय. रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे (एकाच काचेत वर लांबचा नंबर, खाली हळूहळू वाचायचा) आणि त्याची सवय पक्की झाली आहे, जिना उतरताना आता काही वाटत नाही.

सुट्टीचा दिवस गरवण्यात जातो. भरतीचं गणित जमलं तर आग्वादचे खडक किंवा शापोऱ्याचं मुख, नाहीतर मांडवीच्या आतल्या अंगाला मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) चोणक आणि तांबोसा या माशांच्या मागे. अधूनमधून मित्राच्या होडीतून. सध्या रोजच्या चष्म्यावर क्लिपवाला पोलराइज्ड गॉगल अडकवतो. पाण्यावरची चमक जाते हे खरं, पण बाजूने ऊन आत येतं, क्लिप आणि काच यांच्यामध्ये घाम साचतो आणि वारा सुटला की क्लिप उडेल म्हणून एक हात कायम डोळ्याशी.

मला तीन ठिकाणी स्वच्छ दिसायला हवं. एक, पाणी: शेवट्या माशांचा घोळका, बुडालेल्या खडकाची कड, प्रवाहाची रेघ. दोन, पायाखाली: ओहोटीला खडकावर शेवाळ आणि कालवं असतात, तिथे पाय चुकला तर काय होतं ते गरवणाऱ्यांना सांगायला नको. तीन, हातातलं काम: बारीक तंगूस (गरवायचा दोरा) गरीच्या डोळ्यातून ओवणं आणि गाठ मारणं.

दोन दुकानांत चौकशी केली. एक म्हणतात, डोळ्याला वेढा घालणाऱ्या फ्रेममध्ये प्रोग्रेसिव्ह बसतच नाही. दुसरे म्हणतात, सगळं होतं, ॲडव्हान्स भरा. खरं काय? काचेचा रंग करडा की तपकिरी? खर्चाची तयारी वीस हजारांपर्यंत आहे. एक ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठून बोटी बाहेर पडल्या, पण माझी घाई तशी नाही. पाऊस ओसरून पाणी निवळेपर्यंत गॉगल हातात आला तरी पुरे.

साखळीकर

दादा, तुम्ही उणे नंबरवाले. चाळिशीचा भाग हवाच कशाला? उणे सव्वादोन म्हणजे चष्मा काढला की साधारण ४४ सेंटिमीटरवर उघड्या डोळ्यांनी लख्ख दिसणार. गाठ मारायला एवढंच अंतर लागतं. फक्त लांबच्या नंबरचा पोलराइज्ड करून घ्या, गाठीच्या वेळी कपाळावर सारा. निम्म्या पैशांत काम होईल. मी अधिक नंबरवाला, मला ही चैन नाही.

खाजनकाठ

मुद्दा बिनतोड आहे, घरी पेपर मी तसाच वाचतो. पण खडकावर काखेत रॉड, एका हातात तंगूस, दुसऱ्याला सुंगटाचा (कोळंबीचा) वास आणि खारं पाणी. त्या हाताने दर गाठीला गॉगल वर-खाली करायचा म्हणजे काचेची वाट. शिवाय गॉगल वर केला की दुपारचं ऊन थेट डोळ्यात. फोनवर भरतीची वेळ बघायची, मासा आला की तोंडातली गरी सोडवायची, ते वेगळंच. होडीत मात्र तुमचा उपाय चालेल.

रापणकार

मांडवीच्या त्या पाण्यात पोलराइज्ड घालून दिसणार काय राव? पावसाळ्यात तर चहा. चोणक काय हात हलवून बोलावणार आहे?

खाजनकाठ

चोणक दिसत नाही, पण तो शेवट्यावर तुटून पडला की पाणी कसं फिरतं ते दिसतं. गढूळ आणि निवळ पाणी जिथे भेटतं ती रेघ दिसते. कुणी लावलेल्या जाळ्याची दोरीसुद्धा दिसते, नाहीतर साडेतीनशेचा ल्युअर (नकली आमिष) गेलाच म्हणून समजा.

पेडणेचे_मास्तर

पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून एक हिशोब मांडतो. काचेच्या निवडीशी त्याचा थेट संबंध आहे.

पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेने कंप पावतो आणि पोलराइज्ड काच नेमका तोच अडवते. पण सगळ्या कोनांतून सारखा नाही. पाण्यासाठी ब्रूस्टरचा कोन लंबापासून सुमारे ५३ अंश आहे. नजर क्षितिजाखाली ३७ अंश झुकली की तिथल्या पाण्यावरची चमक जवळपास पूर्ण जाते. तिथून दूर जावं तसा परिणाम कमी होतो, क्षितिजाजवळ तर बराच कमी. ३७ अंश म्हणजे किती लांब? डोळ्याच्या पाण्यापासूनच्या उंचीला १.३३ ने गुणा. खडकावर उभं राहून डोळा पाण्यापासून तीन मीटरवर असेल, तर चार मीटर पुढचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसेल.

आता गंमत बघा. मान न वाकवता फक्त डोळे ३७ अंश खाली नेले तर नजर काचेच्या कुठल्या भागातून जाईल? खालच्या. आणि प्रोग्रेसिव्हमध्ये तिथे काय असतं? वाचायचा नंबर! म्हणजे पोलराइज्ड काच जिथे सगळ्यात जास्त काम करते, तिथेच प्रोग्रेसिव्ह तुमचं पाणी धूसर करणार.

साखळीकर

मास्तर, हे मला कुठल्याच दुकानदाराने कधी सांगितलं नाही.

काचघर

मी ऑप्टोमेट्रिस्ट, फोंड्याला काम करते. मास्तरांचा मुद्दा बरोबर आहे आणि उपाय त्यातूनच निघतो.

नेहमीच्या प्रोग्रेसिव्हमध्ये बाहुलीपासून साधारण १४ मिलिमीटर खाली वाचायचा पूर्ण नंबर येतो. डोळे पंचवीस-तीस अंश खाली गेले की तुम्ही त्यात पोचता. खाजनकाठ, पायाखालचा खडक तुमच्या डोळ्यांपासून दीड मीटरवर. अधिक २.०० चा भाग अर्ध्या मीटरसाठी असतो, म्हणून शेवाळ नेमकं धूसर दिसणार. घरच्या जिन्याची सवय इथे कामाला येत नाही. जिना ओळखीचा असतो आणि त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात.

म्हणून गरवण्याच्या गॉगलसाठी रोजच्या चष्म्याचा कागद जसाच्या तसा देऊ नका. दोन बदल सुचवते. पहिला, चाळिशीचा नंबर कमी ठेवा, २.०० ऐवजी १.२५. तुमच्या वयात डोळ्याची स्वतःची ताकद थोडी शिल्लक असते, तिच्या आधारावर हात जरा लांब धरला की गाठ दिसेल. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं दिसणार नाहीत, पण ती खडकावर कोण वाचतं? नंबर कमी म्हणजे पाणी आणि खडक कमी धूसर, शिवाय काचेच्या बाजूंना जो डुलण्याचा भास होतो तोही कमी. दुसरा बदल, दुकानात बाहुलीची खूण करतात तिच्यापेक्षा काच दोन मिलिमीटर खाली बसवायला सांगा. लांबचा भाग मोठा होतो. हे दोन्ही तुमची तपासणी करणाऱ्याशी बोलून आणि एकदा ट्रायल फ्रेममध्ये (तपासणीच्या चौकटीत) १.२५ घालून, हातात खरी गरी आणि तंगूस घेऊनच ठरवा. दुकानात गरी काढली म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

प्रोग्रेसिव्ह नकोच वाटलं तर बायफोकल हा चांगला पर्याय आहे. लोक त्याला म्हाताऱ्यांची काच म्हणून नाक मुरडतात. पण खाली जवळच्या नंबराची छोटी चंद्रकोर बसवली की बाकी सगळी काच लांबची आणि कडेला धूसरपणा नाही. मधल्या अंतराचं काही मिळत नाही, पण गरवताना मधल्या अंतरावर फारसं कामही नसतं. होडीवर फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) बघत असाल तर मात्र प्रोग्रेसिव्हच.

खाजनकाठ

ताई, हे सोन्यासारखं आहे. फ्रेमचं काय? आणि फिशफाइंडर आहे, मित्राच्या होडीवर. क्लिप लावली की त्याचा पडदा मधूनच काळा पडतो.

काचघर

पडद्याच्या प्रकाशालाही स्वतःची दिशा असते, ती काचेला आडवी आली की काळोख. मान थोडी कलती करून बघा, किंवा पडदाच थोडा फिरवून बसवता येतो का पाहा. काच बदलून हे जाणार नाही.

फ्रेमबद्दल तुमचे दोन्ही दुकानदार अर्धे बरोबर आहेत. अगदी वेढा घालणारी, आठ बेसची (बेस म्हणजे काचेची वक्रता) फ्रेम घेतली तर काच डोळ्यासमोर तिरकी येते आणि नंबरच बदलल्यासारखा होतो. तो फरक भरून काढणाऱ्या काचा बनतात, पण त्यासाठी फ्रेम चेहऱ्यावर ठेवून वक्रता, पुढची कल आणि डोळ्यापासूनचं अंतर मोजावं लागतं. ही मोजमापं न घेता कुणी ऑर्डर लिहून घेत असेल तर उठून या. तुमच्या नंबराला सहा बेसची फ्रेम पुरे. कडेने ऊन येऊ नये म्हणून काड्या रुंद घ्या. काचेची उंची निदान ३४-३५ मिलिमीटर असू दे, बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत १८ तरी मिळायला हवेत. काचेला भोक पाडून बसवायच्या बिनकडेच्या फ्रेमच्या वाटेला जाऊ नका, पोलराइज्डचे थर तिथूनच सुटायला लागतात.

काच पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स. अडकलेला ल्युअर सुटून गोळीसारखा तोंडावर येतो, शिसं लागलं असेल तर जास्तच. साधी प्लास्टिक काच तिथे नको. दोघांत ट्रायव्हेक्स थोडी महाग, पण कडेला रंग फुटत नाहीत. आणि आतल्या बाजूला परावर्तन रोखणारं कोटिंग हवंच. सूर्य पाठीमागे असला की स्वतःचाच गाल काचेत दिसतो, तो त्याने जातो.

रापणकार

रंग राहिला. भर समुद्रात करडा, बाकी सगळीकडे तपकिरी. वाद घालू नये.

साखळीकर

वाद घालतो. मी करडाच घालून नदीत जातो, काही अडत नाही.

पेडणेचे_मास्तर

अडत नाही, पण तपकिरी किंवा तांबूस काच निळा प्रकाश जास्त गाळते, त्यामुळे उथळ पाण्यात तळ आणि खडक यांच्यातला फरक उठून दिसतो. करड्यात रंग खरे दिसतात आणि लख्ख उन्हात डोळे शांत राहतात. खाजनकाठ यांचं बहुतेक काम नदीचं मुख आणि खडक, तेव्हा तपकिरी. वर हिरवा-निळा आरसा लावायचा की नाही ही हौस आहे. फार तर काच आणखी थोडी गडद होईल.

काचघर

एक भर. उन्हाच्या गॉगलची तिसरी श्रेणी ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते, ती घ्या. चौथी त्याहून गडद, ती घालून गाडी चालवायची नसते. दिवस मावळल्यावर तिसरीही नाही. संध्याकाळची भरती धरून स्कूटरवरून परतणार असाल तर रोजचा चष्मा पिशवीत हवाच. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा कुणी सुचवेल, पण उष्णतेत त्या कमी काळ्या होतात, आणि आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे.

गॉगल हातात आल्यावर दुकानातच एक गोष्ट तपासा. बाहेर उभ्या गाडीच्या बॉनेटवरची चमक बघत मान हळूहळू एका बाजूला कलती करा, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. दोन्ही काचांतून चमक सारख्याच कोनाला परत यायला हवी. एकीतून आधी आणि दुसरीतून नंतर आली तर काच वाकडी बसवली आहे, परत करा. प्रोग्रेसिव्ह आणि पोलराइज्ड दोन्हींची दिशा ठरलेली असते, वर तुमचा सिलिंडर. त्यामुळे बसवणाऱ्याची चूक लगेच भोवते.

खाजनकाठ

सगळ्यांना देव बरें करूं. ठरलं ते असं: सहा बेसची फ्रेम, ट्रायव्हेक्स, तपकिरी. प्रोग्रेसिव्ह १.२५ की बायफोकल हे ट्रायल फ्रेम घालून ठरवतो, पण मास्तरांच्या हिशोबानंतर मन बायफोकलकडे झुकलंय. फिशफाइंडर मित्र बघेल, होडी त्याचीच आहे. चतुर्थीचा खर्च उरकला की ऑर्डर देतो. कुणी म्हापसा-पणजीकडे चंद्रकोर खाली बसवून नीट करून देणारं दुकान वापरलं असेल तर व्यक्तिगत निरोपात नाव कळवा.

साखळीकर

कळवतो. आणि मानेमागे अडकवायची दोरी आजच घ्या, तरंगणारी, फुगीर फोमची. साधी गोफाची दोरी गॉगलला घेऊनच बुडते. घरी आलात की आधी नळाखाली गोड्या पाण्यात धरा, मगच पुसा. सुकलेल्या मिठावर फडकं फिरवलं की कोटिंग गेलं.

रापणकार

आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हाने पोलराइज्डचे थर कडेने सुटतात. पहिला चोणक लागला की फोटो इथेच टाका, गॉगलसकट.