'अतिरेकी', 'जहाल', 'कट्टर', 'ऐकांतिक': विद्यार्थी पुढाऱ्यांच्या मतांना कुठलं विशेषण लावावं?

लेखणीघाशा :
दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत आणतोय. विषय १९६७-६८ मधली पश्चिम जर्मनीतली विद्यार्थी चळवळ. एसडीएस या समाजवादी विद्यार्थी संघटनेच्या तरुण पुढाऱ्यांच्या मतांना मूळ लेखक दर पानावर 'एक्स्ट्रीमिस्ट' म्हणतो. पहिल्या खर्ड्यात मी बिनदिक्कत 'अतिरेकी मते' लिहून मोकळा झालो. बायकोने वाचलं आणि विचारलं, "यांनी बॉम्ब कुठे फोडले?" लेखात ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांनी तर कुठेच नाही. उलट त्यांच्यातला सर्वांत गाजलेला पुढारी रुडी डुट्श्के, त्याच्यावरच ११ एप्रिल १९६८ रोजी बर्लिनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, डोक्यात.

मग 'जहाल' करून पाहिलं. वाचताना डुट्श्केच्या डोक्यावर पुणेरी पगडी दिसायला लागली. 'कट्टर' केलं तर ते कौतुक वाटतं. सुचवा काहीतरी.

जुना उपसंपादक :
'अतिरेकी'च्या पापात माझाही वाटा आहे. पंजाब पेटलेला होता त्या वर्षांत रात्रपाळीला मथळे मीच लावायचो. 'दहशतवादी' सहा अक्षरं, 'अतिरेकी' चार. एका कॉलमात कुठला शब्द बसेल हे सांगायला भाषातज्ज्ञ लागत नाही. वर्षानुवर्षं रोज पहिल्या पानावर 'अतिरेकी ठार', 'अतिरेक्यांचा गोळीबार' छापल्यावर त्या शब्दाच्या हातात बंदूक आली ती आलीच. गंमत म्हणजे मूळ नाम अजून निष्पाप आहे. आंबे खाण्याचा अतिरेक होतो, लाडांचा अतिरेक होतो, त्यात कुणाला पोलीस आठवत नाहीत. शेवटी 'ई' लागली की मात्र घात!

मुळाक्षर :
'अतिरेक' आणि 'अतिरिक्त' सख्खे भाऊ, दोघेही 'रिच्' धातूचे. मुळात अर्थ एवढाच की मापाबाहेर उरलेलं. एकाच्या वाट्याला अतिरिक्त आयुक्त आले, दुसऱ्याच्या वाट्याला एके-४७.

याच्या बरोब्बर उलटा प्रवास 'आततायी'चा. मूळ अर्थ धनुष्य ताणून अंगावर आलेला. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा असे सहा आततायी परंपरेने मोजले आहेत. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कौरवांना हा शब्द लावतो. आणि आज? गॅस बंद न करता दाराशी धावणाऱ्या पोराला आई म्हणते, "किती आततायीपणा!" म्हणजे खरा खुनी शब्द घरगुती झाला आणि मापाबाहेरचा तेवढा खुनी ठरला.

वऱ्हाडी ठेचा :
'जहाल'ला एवढ्यात पगडी घालून भिंतीवर टांगू नका. आमच्याकडे ठेचा अजून जहाल असतो, विष जहाल असतं. मात्र एक अडचण आहे. जहालपणा ही तीव्रता झाली, जागा नव्हे. मधल्या मार्गाचा माणूसही जहाल भाषेत बोलू शकतो.

आणि पगडीवरून टिळक आठवलेच आहेत तर २ जानेवारी १९०७ चं त्यांचं कलकत्त्यातलं भाषण काढून बघा. ते इंग्रजीत झालं. त्याचा मतलब असा की, जहाल आणि मवाळ हे दोन्ही शब्द काळाला बांधलेले आहेत. आजचे जहाल उद्याचे मवाळ होतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. त्याच डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली, जोडा फेकला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना आणि फिरोजशहा मेहतांना लागला. पण शब्दाबद्दल इतकं थंड डोक्याने बोलणारा जहाल दुसरा दाखवा!

लेखणीघाशा :
हे टिळकांचं वाक्य माझ्या लेखाला फारच लागू आहे. २ जून १९६७ ला इराणच्या शहाविरुद्धच्या निदर्शनांत बेन्नो ओह्नेसोर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीने मेला. त्याच महिन्यात हॅनोव्हरला परिषद भरली. तिथे युर्गन हाबरमास या तत्त्वज्ञाने डुट्श्केच्या भूमिकेला 'डावा फॅसिझम' म्हटलं. हाबरमास विद्यार्थ्यांच्या बाजूचाच माणूस, म्हणून तो शब्द जास्त झोंबला. पुढे त्यांनी तो मागे घेतला, पण तोवर विरोधकांनी उचलला होता.

शिवाय सरकारी घोळ वेगळाच. जानेवारी १९७२ मध्ये राज्यघटनाविरोधी लोकांना सरकारी नोकरीपासून दूर ठेवण्याचा निर्णय झाला, तो लोकांच्या तोंडी 'रॅडिकल' या शब्दाने बसला. काही वर्षांतच सरकारी अहवालांत 'रॅडिकल' वेगळा आणि 'एक्स्ट्रीमिस्ट' वेगळा झाला: पहिल्याला व्यवस्था मुळापासून बदलायची आहे, पण घटनेच्या चौकटीत, दुसऱ्याला ती चौकटच नको. म्हणजे मला एक नाही, दोन शब्द हवेत.

मुळाक्षर :
पहिल्याला 'मूलगामी', डोळे मिटून. 'रॅडिकल'च्या पोटात लॅटिन 'मूळ' आहे, आणि इंग्रजांचा 'रॅडिश' त्याच मुळाचा. मराठीतही मूळ आणि मुळा शेजारी-शेजारीच. इतकं जुळणारं भाषांतर क्वचित मिळतं.

दुसऱ्याला 'ऐकांतिक'. 'एक' अधिक 'अंत', म्हणजे एकच टोक धरून बसलेला. सत्याला अनेक बाजू असतात म्हणणाऱ्या जैनांच्या अनेकांतवादाच्या नेमका विरुद्ध. यात बंदूकही नाही, पगडीही नाही.

जुना उपसंपादक :
शब्द देखणा आहे, पण छापखान्यात त्याचा 'एकांतिक' होईल आणि वाचकाला वाटेल, पोरं एकांतात बसून विचार करत होती. सरळ 'टोकाची मते' लिहा ना. 'एक्स्ट्रीम'चा लॅटिन अर्थही सर्वांत बाहेरचा, कडेचा असाच आहे. माझ्या मथळ्यातही बसलं असतं.

वऱ्हाडी ठेचा :
'टोकाची'ला माझंही मत. फक्त टोक कुठलं हे मधे उभा असलेला माणूस ठरवतो, एवढं ध्यानात ठेवा. कोणीही स्वतःच्या मताला टोकाचं म्हणत नाही. 'कट्टर' मात्र लोक गाडीच्या काचेवर हौसेने लिहून घेतात, म्हणून तो इथे चालणार नाही. स्वतःला लावायचा शब्द आणि दुसऱ्याला चिकटवायचा शब्द, दोन्ही वेगळे. तुमचा लेखक कुठून बोलतोय?

लेखणीघाशा :
मधूनच बोलतोय, आणि तेही चाळीस-पन्नास वर्षांनंतर. तेव्हा लेखकाच्या तोंडी 'टोकाची मते'. सरकारी अहवालांच्या परिच्छेदात 'मूलगामी' आणि 'घटनाविरोधी', कारण तिथे कायद्याचा अर्थ आहे, टोक-बिक नाही. 'ऐकांतिक' एकदाच वापरीन, हाबरमासच्या टीकेचा सारांश देताना, आणि मुद्रितशोधकाला फोन करून सांगीन की 'ऐ'वरची मात्रा खाऊ नकोस.

'अतिरेकी' काढून टाकलाय, सतरा ठिकाणांहून. आता राहिला 'पुढारी'. बायको म्हणते, 'विद्यार्थी पुढारी' वाचलं की पांढरी खादी आणि पांढरी गाडी दिसते. डुट्श्के तर पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर घालायचा.